ऑफिसवाल्या जुन्या पीसीत ग्राफिक कार्ड टाकलं की गेममध्ये मधेच बंद पडतो: समस्या निवारण

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. ऑफिसातून निघालेला ब्रँडेड पीसी, आमच्याकडे डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर, आय५-४५७०, १६ जीबी रॅम, आणि त्यात भाच्याने सेकंडहँड जीटीएक्स १०६० टाकलेलं. विंडोज मस्त चालतंय, यूट्यूब चालतंय, कॉलेजचं काम चालतंय, दिवसभर चालू ठेवा काही होत नाही. गेम लावला की थोड्या वेळात खट्कन सगळं बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, अडकून बसणं नाही, सरळ अंधार. आणि गंमत म्हणजे लगेच बटण दाबलं तर ढिम्म हलत नाही, मागची पॉवर केबल काढून जरा थांबून परत लावली की मग निमूटपणे चालू होतो. काहीतरी केलं की थोडे दिवस बरं चालतं आणि परत तेच.

हे दुखणं पुण्यात आता बऱ्याच घरांत आहे कारण हिंजवडी-खराडीकडच्या कंपन्यांची लीज संपली की ही मशीन्स ढिगाने बाहेर पडतात, रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात, आणि खरं सांगायचं तर मशीन चांगली असतात, बोर्ड दणकट, केस पत्र्याची, रोज दहा तास चालायलाच बनवलेली. फक्त ती एक्सेल आणि ईमेलसाठी बनवलेली असतात आणि आपण त्यात गेमिंगचं कार्ड कोंबतो.

यावर जो तो पहिला सल्ला देतो तो म्हणजे फॉरमॅट मार, ड्रायव्हर बदल. थांबा. आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज मधे सिस्टिम, आणि बंद पडला त्या वेळेची नोंद बघा. कर्नल-पॉवर ४१ दिसेल. ही नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन झाला नव्हता, त्यामुळे नुसत्या ४१ वरून काही कळत नाही आणि तो आकडा नेटवर शोधत बसलात तर जगभरचे उपाय मिळतील. त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेककोड नावाची ओळ असते ती बघा. तिथे ० असेल आणि निळी स्क्रीन पण आली नसेल तर विंडोजला काय झालं ते कळायच्या आत वीज गेली, म्हणजे एसएमपीएस (पीसीतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), वायरिंग, यूपीएस, फार तर तापमान. तिथे ० सोडून दुसरा आकडा असेल तर मात्र ड्रायव्हर, रॅम वगैरेच्या मागे लागा, हे पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. तसंच स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि लॉगमध्ये डिस्प्ले ४१०१ दिसतं, ती ड्रायव्हर कोसळून सावरल्याची खूण, ते पण वेगळं प्रकरण.

आमच्याकडे ० होता. तरी भाच्याचं म्हणणं, "मामा कार्डच फॉल्टी असणार, विकतो आणि दुसरं घेतो." म्हटलं थांब रे, आधी साइडचं झाकण काढ.

वायर काढल्याशिवाय परत चालू होत नाही हे लक्षण फार कामाचं आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये ओव्हरलोडचं प्रोटेक्शन असतं, जास्त करंट ओढला गेला की तो स्वतःला बंद करून घेतो आणि लॉक होतो, मागून एसी सप्लाय पूर्ण काढला की तो लॉक सुटतो. म्हणजे कंपनीने दिलेला मूळचा एसएमपीएस बिचारा त्याचं काम चोख करत होता. कार्ड खराब नाही, बोर्ड खराब नाही, मागणी जास्त आहे.

मागणी किती ते बघू. आय५-४५७० चा टीडीपी (म्हणजे लोडवर साधारण किती वॅट लागतात तो आकडा) ८४ वॅट, १०६० चा १२०, बोर्ड, रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास धरा. झाले अडीचशे. मूळ एसएमपीएस २९० चा. मग कागदावर बसतंय की! इथेच सगळे फसतात. १२० ही कार्डाची सरासरी आहे, गेममध्ये सीन बदलला की मिलिसेकंदापुरतं ते त्याच्या बरंच वर जातं, आणि वर तो एसएमपीएस दहा वर्षं ऑफिसात राबून आलेला, आतले कपॅसिटर थकलेले. त्यात ह्या ऑफिस मशीनच्या एसएमपीएसमध्ये १२ वोल्टची एकच मोठी लाइन नसते, लेबलवर १२ व्ही-ए, १२ व्ही-बी अशा वेगळ्या लाइनी आणि प्रत्येकीची वेगळी लिमिट छापलेली असते, त्यामुळे एकूण वॅट शिल्लक असले तरी कार्ड ज्या लाइनीवर आहे ती भरून जाऊ शकते. एनव्हिडियाने स्वतः १०६० साठी ४०० वॅटचा एसएमपीएस सांगितलेला आहे, तो उगाच नाही.

खात्री करायची असेल तर पैसे न घालता एक टेस्ट करता येते. एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाची सेटिंग बदलायचा प्रोग्राम टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं), पॉवर लिमिटची पट्टी खाली ओढून ६० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. एफपीएस कमी होतील ते जाऊ दे, पण बंद पडायचं थांबलं तर निदान जवळजवळ पक्कं. उलटीकडून पण बघता येतं, नुसता सीपीयूचा लोड द्या, मग नुसता कार्डाचा, मग दोन्ही एकदम. एकेकटे चालतात आणि दोन्ही मिळून बंद पडतं, तर वीज कमी पडतेय. आमच्याकडे ६० टक्क्यांवर संध्याकाळभर गेम चालला, काही झालं नाही.

आता झाकण काढल्यावर जे दिसलं ते. ह्या एसएमपीएसला कार्डासाठीची ६ पिन वायर मुळातच नाही, तर कार्डाला वीज कुठून दिली? साटा (हार्ड डिस्कला लागणारी पॉवर वायर) ते ६ पिन कन्व्हर्टर. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, कुठेही मिळतो, आणि माझ्या मते विकायलाच बंदी पाहिजे. हिशोब सोपा आहे. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ वोल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनला ७५ वॅटपर्यंत ओढायची परवानगी आहे. म्हणजे ५४ च्या दारातून ७५ बाहेर काढायचे. त्यात ९०२० मध्ये अजून एक भानगड, ह्या मशीनमध्ये डिस्कची पॉवर एसएमपीएसमधून सरळ येत नाही, मदरबोर्डवरच्या कनेक्टरमधून येते. म्हणजे कार्डाचा सगळा जादा करंट बोर्डाच्या ट्रॅकमधून, हार्ड डिस्कसाठीच्या बारक्या वायरीतून चाललेला. कनेक्टर काढून बघितला तर एका कोपऱ्याला पांढऱ्या प्लास्टिकवर चहाच्या डागासारखी तपकिरी झाक आलेली आणि एक पिन काळपट. वास अजून नव्हता. अजून काही महिन्यांत आला असता. तुमच्याकडे हा कन्व्हर्टर असेल तर आत्ता पीसी बंद करा आणि तो काढा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचे ४ पिनांचे पॉवर कनेक्टर) जोडून ६ पिन करणारा कन्व्हर्टर त्याच्यापेक्षा बरा, मोलेक्सची पिन जाड असते, पण मूळ एसएमपीएस छोटा असेल तर त्याने काय होणार, विहिरीतच नाही तर पोहऱ्यात कुठून.

मग आली एसएमपीएस बदलायची वेळ. हे मला कळायच्या आत भाचेसाहेब मित्राबरोबर जाऊन "पाचशे वॅट"चा एसएमपीएस आणि त्याला लागणारा अॅडॅप्टर घेऊन आले. दुकानदार म्हणाला म्हणे, "बिनधास्त लाव, दोन कार्ड चालतील." आणि चालला पण, काही दिवस. नंतर परत तेच, फक्त रूप बदललेलं. आता बंद पडून ढिम्म होत नव्हता, झटकन बंद होऊन आपणहून परत चालू व्हायचा, सरळ रीस्टार्ट. हा फरक लक्षात ठेवा. लॉक होऊन बसणारा एसएमपीएस प्रोटेक्शन देतोय. आपोआप रीस्टार्ट होतंय म्हणजे वोल्टेज खाली बसतंय, पॉवर गुडचा (वीज ठीक आहे असं बोर्डाला सांगणारा) सिग्नल पडतोय आणि बोर्ड रीसेट होतोय, एसएमपीएसला स्वतःला काही पडलेलीच नाही.

हा नवा डबा हातात घेतला आणि वजनावरूनच कळलं. लेबलवर मोठ्या अक्षरात ५००, आणि खाली बारक्या टेबलमध्ये +१२ वोल्टच्या खाली १५ ए. पंधरा गुणिले बारा, एकशे ऐंशी वॅट. सीपीयू आणि कार्ड दोघेही १२ वोल्टवरच जगतात, त्यामुळे तुमच्या कामाचा आकडा हाच, ५०० नाही. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ वोल्टवर दाखवलेले असतात, ते आजच्या पीसीत कुणी फारसे वापरत नाही. म्हणजे नवा "५००" हा मूळच्या २९० पेक्षा लहान निघाला. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ वोल्टला ३५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे चारशेच्या वर वॅट एकट्या १२ वोल्टवर. दुकानात उभं राहून पहिलं हे टेबल वाचायचं, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो याचा) शिक्का आहे का ते बघायचं, वॉरंटी किती वर्षांची आणि ती बिलावर लिहून देतायत का ते विचारायचं. टेबलच छापलेलं नसेल तर डबा परत ठेवायचा आणि पुढच्या दुकानात जायचं.

मल्टिमीटर असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. रिकाम्या मोलेक्समध्ये मीटरची काळी पिन काळ्या वायरीला, लाल पिन पिवळ्या वायरीला, डीसी २० वोल्टची रेंज, आणि हात स्थिर ठेवायचा, दोन पिना एकमेकीला टेकल्या तर शॉर्ट. नियमाप्रमाणे १२ वोल्टमध्ये पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. डेस्कटॉपवर आमचं ११.९ दाखवत होतं. भाच्याला म्हटलं गेम लाव. ११.७. मेनूतून मॅच सुरू झाली, ११.५. नकाशा लोड होऊन माणसं पळायला लागली तसा आकडा ११.३ आणि ११.२ मध्ये नाचायला लागला आणि फट्, रीस्टार्ट. त्यानंतर भाच्याने कार्ड विकायचं नाव काढलं नाही.

आता अॅडॅप्टरचं, कारण ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये साधा बाजारातला एसएमपीएस सरळ बसेलच असं नाही, बोर्डावरचा मेन कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो. डेलचे ७०१० आणि ९०१० मिनी टॉवर नशीबवान, त्यांना नेहमीचा २४ पिनच लागतो. ३०२०, ७०२०, ९०२० ला ८ पिन, त्यासाठी २४ ते ८ पिन अॅडॅप्टर. एचपीत ८३०० चा मोठा टॉवर २४ पिनवाला, पण एलिटडेस्क ८०० जी१ ला ६ पिन. लेनोव्होच्या थिंकसेंटर एम८३, एम९३पी ला १४ पिन, नंतरच्या काही मॉडेलना १० पिन. त्यामुळे नुसतं "डेलचा अॅडॅप्टर द्या" म्हणून दुकानात जाऊ नका, झाकण काढा, पिना मोजा, फोटो काढा, पूर्ण मॉडेल नंबर आणि फोटो दाखवून घ्या. काही बोर्डांना स्टँडबायला (पीसी बंद असतानाही चालू राहणारी वीज) ५ च्या जागी १२ वोल्ट लागतात, त्या अॅडॅप्टरमध्ये वायरीच्या मधोमध एक छोटं सर्किट असतं, म्हणून घरी वायरी कापून जोडायचा उद्योग करू नका, पिनांची जुळणी चुकली तर बोर्ड गेला. आणि एक, ८ पिन दिसली म्हणून नव्या एसएमपीएसची सीपीयूची किंवा कार्डाची ८ पिन वायर डेलच्या त्या मेन सॉकेटमध्ये घालायचा प्रयत्न करू नका, त्यांची जोडणी पूर्ण वेगळी असते. सीपीयूची ४ पिन मात्र नेहमीचीच असते, नव्या एसएमपीएसच्या ४+४ मधला अर्धा भाग तिथे बसतो.

खरेदीला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाणार असाल तर गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडई नाहीतर कसबा पेठला उतरा आणि चालत जा, तेवढ्या वेळात पार्किंग पण मिळत नाही. अॅडॅप्टर तिथे दर वेळी मिळेल याची खात्री नाही, ऑनलाइन मागवला तर वायर १८ एडब्ल्यूजी (जाडीचं माप) आहे का ते बघा. ग्राफिक कार्ड सेकंडहँड घेताना दुकानातच लोड देऊन दाखवा म्हणायचं, नुसता डिस्प्ले येतो हे दाखवणं म्हणजे काही नाही.

बसवताना फार काही सांगण्यासारखं नाही. मेन स्विच बंद, केबल काढलेली, बटण एकदोनदा दाबून शिल्लक चार्ज घालवा, केसच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. ९०२० मिनी टॉवरमध्ये नेहमीच्या मापाचा एटीएक्स एसएमपीएस बसतो, तरी लांबी मोजून घ्या, फार लांब असेल तर डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे वायरी कोंबायला जागा उरत नाही. कार्डाची लांबी पण मोजा, पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो, एका पंख्याचं आखूड कार्ड असेल तर त्रास वाचतो. कंपनीचा मूळ पंखा काढून दुसरा लावायच्या भानगडीत पडू नका, त्याचा कनेक्टर वेगळा असतो आणि पंखा सापडला नाही की दर वेळी चालू करताना फॅनची एरर दाखवून एफ१ दाबायला लावतो. डिस्कना बोर्डावरून येणारी मूळ पॉवर तशीच राहू द्या, चालतं.

चालू करायच्या आधी नवा एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर २४ पिनमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी पेपरक्लिपने जोडा आणि मग सप्लाय द्या, पंखा फिरला पाहिजे. त्याने एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं, ताकद कळत नाही. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, आकृतीत १६ नंबरची पिन बघून घ्या. डेलच्या मूळ एसएमपीएसला मागे बाहेरच्या बाजूला छोटं टेस्ट बटण आणि हिरवा दिवा असतो, त्याचाही तेवढाच उपयोग.

सगळं बसवलं आणि पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी, असं झालं तर घाबरू नका, निम्म्या वेळा मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टलाच असते, ती कार्डाच्या पोर्टला लावा. दुसरी अडचण व्हीजीएची. ऑफिसच्या पीसीबरोबर आलेला मॉनिटर बऱ्याचदा फक्त व्हीजीएवाला असतो आणि जीटीएक्स १० सिरीजपासून पुढे एनव्हिडियाच्या कार्डांतून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. डीव्हीआयला लावायचा तो छोटा पांढरा कन्व्हर्टर इथे चालणार नाही, पिनाच जुळत नाहीत, आतमध्ये चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागेल, नाहीतर मॉनिटरच बदला, तो पण आता सेकंडहँड स्वस्त आहे. तरी नाही आलं तर कार्ड काढा, ऑनबोर्डवर (मदरबोर्डच्या स्वतःच्या डिस्प्ले पोर्टवर) चालू करा, बायोस शेवटच्या व्हर्जनला अपडेट करा, यूईएफआय मोड (बायोसची नवी पद्धत) चालू आहे का आणि प्रायमरी डिस्प्ले ऑटोवर आहे का बघा, मग कार्ड परत लावा. नवीन कार्डं जुन्या लेगसी मोडमध्ये कधीकधी तोंडच दाखवत नाहीत. सेकंडहँड कार्डाच्या पिना खोडरबराने हलकेच पुसून घेतल्या तर बिघडत नाही, हा जुना उपाय अजून लागू पडतो.

तर चांगला ४५० चा एसएमपीएस आणि अॅडॅप्टर लावला, कन्व्हर्टर कचऱ्यात गेला, कार्डाला त्याची स्वतःची ६ पिन वायर मिळाली. मल्टिमीटरवर फुल लोडला ११.९ च्या खाली आकडा जाईना. झालं म्हटलं. तर एप्रिल लागला आणि फोन, "मामा, परत."

या वेळी मी पहिलं विचारलं ते हे की पीसी बंद पडतो तेव्हा मॉनिटर पण बंद होतो का. हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला पाहिजे, बरीच शोधाशोध वाचते. पीसीचा एसएमपीएस झोपला तर मॉनिटर चालूच राहतो आणि नो सिग्नल दाखवतो, कारण त्याची वीज वेगळी येते. मॉनिटर, पीसी, राउटर सगळं एकदम गेलं तर दोष पीसीच्या बाहेर आहे. भाचा म्हणाला सगळंच जातं, आणि संध्याकाळीच जातं, आणि आधी टीं टीं वाजतं.

यूपीएस. ६०० व्हीएचा, नेहमीचा, घरोघरी असतो तो. व्हीए म्हणजे वॅट नाही, असा यूपीएस साधारण ३६० वॅटचा धरायचा. गेममध्ये पीसी भिंतीतून अडीचशे-तीनशे ओढतो, मॉनिटर, राउटर, स्पीकर, आणि कुणीतरी मोबाइलचा फास्ट चार्जर पण त्यालाच लावलेला. चालू लाइटवर निभावतं. संध्याकाळी सोसायटीत सगळ्यांचे एसी सुरू झाले की वोल्टेज क्षणभर खाली जातं, यूपीएस बॅटरीवर जातो आणि बॅटरी चार वर्षांची, तिच्यात तेवढा दम नाही, की संपलं. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाऊन येताना तर हमखास. टेस्ट एकदम सोपी, पीसी काही दिवस यूपीएस टाळून सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा. थांबलं तर यूपीएसच. बहुतेक वेळा आतली १२ वोल्ट ७ एएचची बॅटरी बदलून काम होतं, पण लोडच जास्त असेल तर १००० व्हीएच्या पुढचा यूपीएस घ्यावा लागतो. अजून एक, स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना साइन वेव्ह देत नाही, चौकोनी लाट देतो, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (आत येणारा करंट नीट करणारं सर्किट) असलेले काही चांगले एसएमपीएस नेमके त्या क्षणी रुसतात. म्हणजे एसएमपीएस चांगला घेतला म्हणून हा नवा त्रास सुरू होऊ शकतो, लोक मग नव्या एसएमपीएसलाच शिव्या घालतात. वॉरंटीत परत देऊन येतात आणि बदली नवा आणला तरी तेच.

एक्स्टेंशन बोर्ड पण बघा. प्लग हलवला की ठिणगीचा आवाज येत असेल किंवा प्लग गरम लागत असेल तर बोर्ड बदला. आणि पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर अर्थिंग. केसच्या पत्र्याला बोट लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं, टेस्टर टेकवला की मिणमिणतो, हे पीसीचं दुखणं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तापमानाचं थोडक्यात. दहा वर्षांच्या मशीनमध्ये सीपीयूवरची पेस्ट दगड झालेली असते आणि पुण्यात जिकडे तिकडे बांधकामं, धूळ विचारू नका. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून गेममध्ये आकडे बघा, सीपीयू शंभरीकडे जात असेल तर पेस्ट बदला, ब्लोअर मारा (गॅलरीत नेऊन, आणि पंख्यात काडी अडकवून, मोकळा फिरू देऊ नका). पण तापल्याने होतं तेव्हा आधी गेम अडखळायला लागतो, पंखे बोंबलतात, मग बंद पडतो. एका क्षणात खट्कन जाणं हा बहुतेक वेळा विजेचाच खेळ.

आता ज्यांनी अजून कार्ड घेतलेलं नाही त्यांना माझा सरळ सल्ला, एसएमपीएसला हातच लावू नका, मशीनला झेपेल ते कार्ड घ्या. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात, त्यात बसणारी, वेगळी वायर न लागणारी कार्डं आहेत. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅट, १६५० पण ७५ (पण तिच्यात काही मॉडेलना ६ पिन असते, फोटो बघून घ्या), आरएक्स ६४०० साधारण ५३, आणि २०२४ ला आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅट. ६४०० स्वस्त दिसतं पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायचे मार्ग) वापरतं, जुन्या पीसीआयई ३ च्या बोर्डावर मार खातं, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे एडिटिंग किंवा स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी घेऊ नये. जीटी ७१० घेऊन गेम चालतील असं कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करा. जीटी १०३० घेणार असाल तर जीडीडीआर५ वालाच, डीडीआर४ वाला त्याच नावाने विकतात आणि तो बराच मंद आहे.

आडवा चपटा पीसी असेल, एसएफएफवाला, तर त्यात मोठा एसएमपीएस बसत नाही आणि पूर्ण उंचीचं कार्ड पण नाही, लो प्रोफाइलच लागेल आणि त्याची छोटी पट्टी बॉक्समध्ये आहे ना ते दुकानातच बघा. काही चपट्या मॉडेलमध्ये स्लॉटची लिमिट ७५ पेक्षा कमी दिलेली असते, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. अजून मशीनच घ्यायचं असेल तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी मिनी टॉवरच घ्या.

१०५० टीआय आणि १०६० दोन्ही पास्कल पिढीतली, त्यांचा नवीन गेमसाठीचा ड्रायव्हर सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता फक्त सिक्युरिटी अपडेट मिळतील. विंडोज १० चा सपोर्ट पण त्याच महिन्यात, १४ तारखेला संपला, आणि चौथ्या पिढीच्या आय५ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून कार्डावर किती खर्च करायचा ते हे धरून ठरवा. एसएमपीएसवर केलेला खर्च मात्र पुढच्या पीसीत पण कामाला येतो, तिथे कंजुषी नको.

मूळचा एसएमपीएस भंगारात देऊ नका, डब्यावर मॉडेल नंबर लिहून माळ्यावर ठेवा. पुढे काही बिघडलं तर कार्ड काढून मूळ एसएमपीएस लावायचा आणि ऑनबोर्डवर चालतंय का बघायचं, पाच मिनिटांत अर्धं निदान होतं. आणि मशीन विकायची वेळ आली तर घेणारा तो मागतोच.